मुदत कुणाची संपते? पहिले घर, करसवलत आणि तारखेचे राजकारण

"मुदत संपली." सरकारी कचेरीत आणि बँकेत गरीब माणसाला वारंवार ऐकावे लागणारे हे दोन शब्द आहेत. हे शब्द उच्चारणाऱ्याच्या अंगाला काहीच लागत नाही. त्याने जात विचारलेली नसते, अपमान केलेला नसतो, फाईल फेकलेली नसते. त्याने फक्त तारीख दाखवलेली असते. आणि ज्याला नकार मिळाला तोही व्यवस्थेला दोष देत नाही. "आपणच उशीर केला" म्हणत तो घरी जातो.

आम्ही वस्तीत लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. एप्रिल २०२२ मध्ये एक मावशी आमच्याकडे आल्या. कंत्राटी सफाई कामगार. त्यांच्या माहेरी किंवा सासरी, मागच्या कुठल्याच पिढीत कुणाच्या नावावर पक्के घर नव्हते. शहराच्या टोकाला एक छोटी सदनिका घेण्यासाठी त्यांनी बँकेकडे कर्ज मागितले होते. पंतप्रधान आवास योजनेत पहिले घर घेणाऱ्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला तेव्हा कर्जाच्या व्याजावर अनुदान होते. सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार रुपये. मावशींच्या हातातल्या कर्जमंजुरीच्या पत्रावर तारीख होती ४ एप्रिल २०२२. योजनेची शेवटची तारीख होती ३१ मार्च २०२२.

चार दिवस! या चार दिवसांचा हिशेब आम्ही मांडला. वर्षाच्या मध्येच ठेकेदार बदलला होता, त्यामुळे जुन्या ठेकेदाराकडून पगाराचा दाखला मिळायला पाच आठवडे गेले. आधारवर सासरचे नाव आणि पॅनवर माहेरचे, म्हणून फाईल दोनदा परत आली. दिवसा बँकेत जायचे तर खाडा पडतो, म्हणून प्रत्येक फेरी साप्ताहिक सुट्टीची वाट पाहत राहिली. हे सगळे ऐकून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आमचंच चुकलं बाळा. आम्हीच उशीर केला."

हा लेख त्या वाक्याला उत्तर देण्यासाठी लिहीत आहोत. उत्तरासाठी आम्हाला अमेरिकेच्या इतिहासाकडे जावे लागले, आणि त्याला कारण आहे. पहिले घर घेणाऱ्याला करातून थेट पैसे देण्याचा फार मोठा प्रयोग २००८ ते २०१० या काळात तिथे झाला. त्याच्या तारखा, त्या कुणासाठी हलल्या आणि कुणासाठी हलल्या नाहीत, हे सगळे कागदावर आहे. दुसरे असे की, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावही ब्लॅक पँथरकडूनच घेतले. म्हणून तिथला धडा आपल्या कामाचा आहे.

तीन वर्षांत चार कायदे

२००८ मध्ये अमेरिकेत घरांच्या किमती कोसळत होत्या, बँका बुडत होत्या, लाखो कुटुंबांची घरे जप्त होत होती. घरखरेदीला चालना मिळावी म्हणून ३० जुलै २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. पहिले घर घेणाऱ्याला घराच्या किमतीच्या दहा टक्के, कमाल ७,५०० डॉलर, टॅक्स क्रेडिट मिळणार होते. टॅक्स क्रेडिट म्हणजे उत्पन्नातून होणारी वजावट नव्हे. ही रक्कम थेट करातून वजा होते, आणि इथे तर कर कमी भरत असेल तर उरलेले पैसे हातात मिळणार होते. पण यात एक मेख होती. ही रक्कम वर्षाला ५०० डॉलरप्रमाणे १५ वर्षांत परत करायची होती. म्हणजे ते बिनव्याजी कर्जच होते.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामा यांनी सही केलेल्या दुसऱ्या कायद्याने रक्कम ८,००० डॉलर केली आणि परतफेडीची अट काढून टाकली. त्या घरात तीन वर्षे राहिले की पैसे कायमचे तुमचे. पण ही सवलत १ जानेवारी २००९ पासूनच्या खरेदीला होती. आता बघा. ज्याने ३१ डिसेंबर २००८ ला घर घेतले त्याने १५ वर्षे हप्ते फेडायचे, आणि ज्याने दुसऱ्या दिवशी घेतले त्याने एक डॉलरही फेडायचा नाही. दोघेही गरजू, दोघांचेही पहिले घर. फरक फक्त एका रात्रीचा. २००८ च्या खरेदीदारांचे हप्ते २०१० च्या विवरणपत्रापासून सुरू झाले आणि २०२४ च्या विवरणपत्रापर्यंत चालले.

या दुसऱ्या कायद्याची मुदत ३० नोव्हेंबर २००९ ला संपणार होती. ती संपण्याआधीच, ६ नोव्हेंबरला, तिसरा कायदा आला. खरेदीचा करार ३० एप्रिल २०१० पर्यंत करायचा आणि व्यवहार ३० जूनपर्यंत पूर्ण करायचा, असे ठरले. याच कायद्याने उत्पन्नाची मर्यादाही वाढवली. पूर्ण लाभ आधी एकट्या व्यक्तीला ७५ हजार आणि जोडप्याला दीड लाख डॉलर उत्पन्नापर्यंत मिळत होता. आता ती मर्यादा सव्वा लाख आणि सव्वादोन लाख झाली. शिवाय ज्यांचे स्वतःचे घर आधीच होते अशा जुन्या घरमालकांनाही नवे घर घेतल्यास ६,५०० डॉलर देऊ केले. मुदत वाढली ती खालच्या माणसाला वर घेण्यासाठी नाही, वरच्या माणसालाही रांगेत घेण्यासाठी वाढली, हे इथे लक्षात घ्यावे.

मग जून २०१० उजाडला. करार वेळेत झालेले पण व्यवहार अडकलेले लोक हजारोंच्या संख्येने होते. बँकांकडे फाईलींचा ढीग साचला होता. त्यातच सरकारी पूरविमा योजनेची कायदेशीर मुदत संपली आणि जूनभर ती बंद राहिली. पूरप्रवण भागात या विम्याशिवाय कर्ज मिळत नाही. म्हणजे सरकारनेच एक दार बंद केले आणि त्याच दारातून ३० जूनपूर्वी या असेही सांगितले! घरविक्री एजंटांच्या देशव्यापी संघटनेने जोर लावला. चौथ्या कायद्यावर २ जुलै २०१० रोजी सही झाली आणि व्यवहार पूर्ण करण्याची तारीख ३० सप्टेंबरवर गेली. मुदत उलटून दोन दिवस झाले होते. तरीही ती मागच्या तारखेपासून वाढली.

आमच्या मावशींचे चार दिवस आणि अमेरिकन काँग्रेसचे हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. तारीख निसर्गाने ठरवलेली नसते. ती उलटून गेल्यावरही हलवता येते. प्रश्न एवढाच की ती हलवायला कोण लावतो.

ज्यांची तारीख हलली, ज्यांची नाही

तिसऱ्या कायद्यात आणखी एक कलम होते. सैन्य, परराष्ट्र सेवा किंवा गुप्तवार्ता सेवेत असलेले जे लोक सरकारी कामासाठी किमान ९० दिवस देशाबाहेर होते, त्यांना एक वर्ष जास्त, म्हणजे ३० एप्रिल २०११ पर्यंत, मुदत मिळाली. तत्त्व अगदी योग्य आहे. माणूस स्वतःच्या आळसाने मागे राहिलेला नाही, राज्यानेच त्याला दूर ठेवले, म्हणून राज्याने थांबावे.

या तत्त्वाला आमचा विरोध नाही. आम्ही ते पुढे नेऊ इच्छितो. राज्याच्या सेवेमुळे जो दूर राहिला त्याच्यासाठी तारीख थांबते, तर राज्याच्या अन्यायामुळे जो दूर राहिला त्याच्यासाठी का थांबू नये?

राज्याच्या अन्यायाचा पुरावाही कागदावरच आहे. १९३३ मध्ये गृहकर्जदारांना वाचवण्यासाठी अमेरिकन सरकारने एक महामंडळ काढले. त्याने पुढे शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. लाल म्हणजे कर्ज देण्यास धोकादायक. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना सरकारी विमा दिला. पण त्याच्या नियमपुस्तिकेत, वस्तीत 'विजोड' वंशाचे लोक येऊ नयेत म्हणून घरांच्या खतांत बंधने घालण्याची शिफारस होती. आपल्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती धर्मशास्त्राने आखली. तिथे ती सरकारी अधिकाऱ्यांनी रंगाने आखली.

कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बंद झाला तो एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. तोपर्यंत शिकागोसारख्या शहरांत बँका दारात उभे करत नसल्याने कृष्णवर्णीय कुटुंबे दलालांकडून हप्त्याच्या करारावर घर घेत. सगळे हप्ते फिटेपर्यंत मालकी दलालाचीच. एक हप्ता चुकला की घर गेले आणि आधी भरलेले पैसेही गेले. तिथेही नुकसानीचे कारण म्हणून कागदावर वंश लिहिला जात नव्हता. 'तारीख चुकली' एवढेच लिहिले जाई.

१८६६ : सहा महिन्यांचा हक्क

तारखेचा हा खेळ आणखी मागे जातो. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सुमारे ४० लाख माणसे मुक्त झाली. त्यांची मागणी जमिनीची होती. २१ जून १८६६ रोजी अमेरिकन काँग्रेसने दक्षिणेतील होमस्टेड कायदा केला. अलाबामा, आर्कान्सा, फ्लोरिडा, लुइझियाना आणि मिसिसिपी या पाच राज्यांतील सुमारे ४ कोटी ६० लाख एकर सरकारी जमीन कसणाऱ्यांना खुली झाली. १ जानेवारी १८६७ पर्यंत, बंडात भाग घेतलेल्या गोऱ्यांना अर्ज करता येणार नव्हता. म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांना आणि संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या गोऱ्यांना सहा महिन्यांचा अग्रक्रम मिळाला.

कागदावर याहून चांगला कायदा कोणता? आता मळ्यावर काय चालले होते ते पाहू. मुक्त झालेल्या मजुरांना मळेवाल्यांशी वर्षाचे लेखी करार करावे लागत होते आणि ते करार डिसेंबरअखेरपर्यंतचे असत. मिसिसिपीच्या १८६५ च्या 'काळ्या कायद्या'नुसार, मुदतीपूर्वी काम सोडणाऱ्याची त्या वर्षाची तोपर्यंतची मजुरी बुडत होती. जमिनीचा अर्ज करायला मळा सोडला तर वर्षाची कमाई जाणार, आणि करार पुरा केला तर अग्रक्रमाची तारीख जाणार. दोन्ही तारखा डिसेंबरअखेरीस एकमेकींना भिडत होत्या. त्यात जमीन बहुतेक दलदलीची किंवा जंगलाची होती. अर्जाची फी होती. बैल, अवजारे, बियाणे, पहिले पीक येईपर्यंतचे धान्य, यांपैकी काहीच जवळ नव्हते. काही ठिकाणी जमिनीच्या कचेऱ्याच वेळेवर उघडल्या नाहीत. थोड्या कुटुंबांनी जमीन मिळवली, बहुसंख्यांनी नाही. १८७६ मध्ये कायदाच रद्द झाला आणि जंगलाच्या मोठ्या जमिनी लाकूड व्यापाऱ्यांकडे गेल्या.

यानंतर काय म्हटले गेले असेल याची आपण कल्पना करू शकतो, कारण आपण ते रोज ऐकतो. "संधी दिली होती. त्यांनीच घेतली नाही."

१९४४ ते १९७० : सगळ्या तारखा काढून टाकण्यापर्यंत

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, २२ जून १९४४ रोजी, परतणाऱ्या सैनिकांसाठी 'जीआय बिल' नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. शिक्षण, बेकारीभत्ता आणि घरासाठी सरकारी हमीचे कर्ज. अमेरिकेचा गोरा मध्यमवर्ग घडवण्यात या कायद्याचा वाटा फार मोठा आहे. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. पण हमी सरकारची असली तरी कर्ज द्यायचे होते स्थानिक बँकेने. १९४७ मध्ये मिसिसिपीतील १३ शहरांचे सर्वेक्षण झाले तेव्हा घर, धंदा आणि शेतीसाठी हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जे होती फक्त २.

या कर्जालाही मुदत होती. मूळ कायद्यात ती साधारण दोन वर्षांची आणि कोणत्याही परिस्थितीत युद्ध संपल्यापासून पाच वर्षांपलीकडे नाही, अशी होती. पुढे ती पुनःपुन्हा वाढवली गेली आणि शेवटी १९७० च्या कायद्याने सैनिकांच्या गृहकर्जाच्या अर्जावरील सगळ्या अंतिम तारखाच काढून टाकल्या. म्हणजे अंतिम तारखेशिवाय घराची योजना चालू शकते. गेली पाच दशके ती चालली आहे आणि अमेरिकेची तिजोरी त्यामुळे बुडालेली नाही.

पण तारीख काढली ती कधी? १९२० साली जन्मलेला आणि १९४७ मध्ये बँकेने परत पाठवलेला सैनिक १९७० मध्ये ५० वर्षांचा झाला होता. त्याच्याबरोबर लढलेल्या गोऱ्या सैनिकाचे घर तोपर्यंत फिटले होते, त्याची किंमत कितीतरी पट वाढली होती आणि त्यावर मुलांचे शिक्षण झाले होते. उशिरा उघडलेले दार बंद दारापेक्षा बरे, पण मधल्या २३ वर्षांचे व्याज कुणी द्यायचे? हा प्रश्न अमेरिकेच्या संसदेतही पोहोचला. दुसऱ्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या वारसांना तो लाभ द्यावा, असे विधेयक २०२१ मध्ये मांडले गेले, पण त्या संसदेत ते मंजूर झाले नाही. तरी त्यातला विचार महत्त्वाचा आहे. अन्यायामुळे आजोबांची तारीख हुकली असेल तर ती नातवासाठी पुन्हा उघडता येते.

रांगेत उभे कोण होते?

आता पुन्हा २००९ कडे येऊ. अमेरिकेच्या हिशेब तपासणी कार्यालयाच्या अहवालानुसार जुलै २०१० च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ३३ लाख दावे आले होते आणि त्यांची रक्कम साडेतेवीस अब्ज डॉलर होती. यांपैकी किती कृष्णवर्णीय? तिथल्या कर विवरणपत्रात वंशाचा रकाना नाही. त्यामुळे कुणाला मिळाले आणि कुणाची तारीख हुकली याची वंशनिहाय मोजणीच झाली नाही. जातनिहाय जनगणनेच्या प्रश्नावर आपण जे सांगत आलो तेच इथे दिसते. मोजायचे नाही, म्हणजे नंतर "भेदभावाचा पुरावा कुठे आहे?" असे विचारता येते.

पण रांगेत पोहोचण्यासाठी काय लागत होते ते आपण पाहू शकतो. पैसे घर घेतल्यावर मिळणार होते, आधी नाही. म्हणजे सुरुवातीची रक्कम स्वतःची हवी. बँकेने कर्ज मंजूर करायला हवे, आणि त्या वर्षांत कृष्णवर्णीयांचे अर्ज नाकारण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. तीन वर्षांत चार वेळा बदललेला नियम समजावून सांगणारा माणूस हवा. नोव्हेंबर २००९ नंतर दावा इंटरनेटवरून करता येत नव्हता. ५४०५ क्रमांकाचा अर्ज आणि व्यवहाराची कागदपत्रे टपालाने पाठवावी लागत होती. ज्यांनी वेळेत घर घेतले पण दावाच केला नाही, त्यांच्यासाठी आणखी एक तारीख होती : परताव्याचा दावा साधारण तीन वर्षांत करायचा, नाहीतर पैसे सरकारजमा.

आणि याच काळात खालून जमीन सरकत होती. फसव्या, चढ्या व्याजाच्या कर्जांचा मारा कृष्णवर्णीय वस्त्यांवर जास्त झाला होता, त्यामुळे जप्तीही तिथेच जास्त झाली. २००४ मध्ये ४९ टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतःच्या घरात होती. २०१९ पर्यंत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास उतरले. गोऱ्यांमध्ये ते तेव्हाही ७० टक्क्यांच्या वर होते.

'पहिले घर घेणारा' या शब्दाकडेही पाहू. त्या कायद्यात याचा अर्थ होता, मागील तीन वर्षांत स्वतःचे राहते घर नसलेला. ज्याने चार वर्षांपूर्वी घर विकले तोही 'पहिला', आणि ज्याच्या सात पिढ्यांत कुणाकडे घर नव्हते तोही 'पहिला'. दोघांना एकच रक्कम आणि एकच तारीख. समान वागणूक आणि समता यांत हाच फरक आहे.

"पण मुदत तर हवीच!"

यावर काही मित्र म्हणतील की अंतिम तारीख नसेल तर योजना चालणार कशी? हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. २००९ च्या सवलतीचा हेतू थंड पडलेली खरेदी ताबडतोब वाढवण्याचा होता आणि तारखेशिवाय कुणी घाई केली नसती. फसवणूकही झाली होती. खजिन्याच्या तपासनिसांना चार वर्षांच्या मुलाच्या नावे केलेला दावा सापडला. तुरुंगातल्या १,२९५ कैद्यांना ९१ लाख डॉलर दिले गेल्याचे आढळले. तपासणी हवी, हिशेब हवा.

पण यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, जी योजना बाजाराला वेग देण्यासाठी आहे तिला तसेच म्हणा. 'गरिबाचे स्वप्न' असे तिचे नाव ठेवू नका. दुसरी अशी की, कागद तपासणे आणि दार बंद करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. फसवणूक तपासणीने थांबते. ३१ तारखेला दार लावल्याने खोटा माणूस थांबत नाही, त्याचे कागद तर सर्वांत आधी तयार असतात.

आपल्याकडचे काय?

भारतातही पहिल्या घराच्या करसवलतीचा इतिहास तारखांचाच आहे. आयकर कायद्यातील कलम ८० ईई प्रथम आले ते १ एप्रिल २०१३ ते ३१ मार्च २०१४ या एकाच वर्षात मंजूर झालेल्या कर्जासाठी. मग दोन वर्षे काहीच नाही. पुन्हा आले ते २०१६-१७ या एका वर्षात मंजूर झालेल्या कर्जासाठी. मग पुन्हा दोन वर्षे खंड. २०१९ मध्ये कलम ८० ईईए आले, त्याची मुदत दोनदा वाढून ३१ मार्च २०२२ ला संपली. सवलत वर्षानुवर्षे मिळत राहते, पण पात्रता ठरते कर्ज मंजुरीच्या एका तारखेवर. ती तारीख अर्जदाराच्या हातात नसते, बँकेच्या हातात असते.

शिवाय ही वजावट आहे, अमेरिकेसारखे हातात पडणारे क्रेडिट नाही. ज्याच्या उत्पन्नावर कर लागतच नाही त्याला दीड लाखाच्या वजावटीचा उपयोग शून्य. म्हणजे मावशींसारख्यांना या दाराची तारीख चुकण्याचाही प्रश्न नव्हता. ते दार त्यांच्यासाठी नव्हतेच. त्यांच्या वाट्याला होते ते फक्त व्याजाचे अनुदान, आणि ते चार दिवसांनी गेले.

महाराष्ट्रात तारखेची ही मार आपल्या समाजाने जमिनीच्या बाबतीतही खाल्ली आहे. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली. पण जमीन आपोआप कसणाऱ्याची झाली नाही. ती सरकारजमा झाली आणि कब्जेहक्काची रक्कम ठरल्या मुदतीत भरली तरच पुन्हा वतनदाराच्या नावे होणार होती. न भरणाऱ्याचा कब्जा कायद्याच्या लेखी अनधिकृत. पिढ्यान्पिढ्या गावाची बिनमोल चाकरी केलेल्या माणसाला आपल्याच जमिनीसाठी पैसे आणि तारीख! दक्षिण अमेरिकन राज्यांतला १८६६ चा मजूर आणि आपला वतनदार महार यांच्यात हजारो मैलांचे अंतर होते. त्यांच्या हातातला कागद मात्र सारखाच होता.

गंमत अशी की, आपल्या हक्कांना मुदत हवी असे सांगणारे लोक थकत नाहीत. "आरक्षण तर दहाच वर्षांसाठी होते" हे वाक्य प्रत्येकाने ऐकले आहे. ती मुदत कलम ३३४ नुसार फक्त लोकसभा-विधानसभेतील राखीव जागांना होती. शिक्षण आणि नोकरीतील तरतुदींना संविधानाने तारीख घातलेली नाही. अन्यायाला तारीख नव्हती, त्यामुळे त्याच्या उपायालाही ती घातली नाही.

आमची मागणी

मागणी अशक्य नाही. यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे, कुणासाठी तरी, केली गेली आहे.

एक, पात्रता मंजुरीच्या तारखेवर नको, अर्ज दाखल केल्याच्या तारखेवर ठरावी. बँकेचा किंवा कचेरीचा उशीर अर्जदाराच्या खात्यावर टाकू नये.

दोन, जिथे दाखला सरकारकडून किंवा मालकाकडून यायचा आहे तिथे तो मागितल्याच्या दिवसापासून घड्याळ थांबावे. अमेरिकेने परदेशातल्या सैनिकासाठी हेच केले.

तीन, ज्या कुटुंबात पिढ्यान्पिढ्या कुणाच्या नावे घर नव्हते, त्यांच्यासाठी पहिल्या घराच्या सवलतीला अंतिम तारीख नसावी. १९७० मध्ये अमेरिकेने सगळ्या सैनिकांसाठी ती काढली.

चार, किती अर्ज मुदतीअभावी फेटाळले गेले आणि ते कोणत्या जातीचे होते, हे दरवर्षी जाहीर व्हावे.

कार्यकर्त्यांसाठीही एक काम आहे. "मुदत संपली" असे तोंडी ऐकून परत येऊ नका. नकार लेखी घ्या. त्यावर अर्ज कधी दिला, फाईल किती वेळा आणि कशासाठी परत आली, हे तारखेसह लिहून ठेवा. आम्ही गेल्या दोन वर्षांपासून वस्तीत अशी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर मावशींची नोंद आहे. त्या अजून भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांचा त्या सदनिकेचा सौदा अनुदानाअभावी मोडला. ती नोंद लिहिताना त्यांनी पुन्हा तेच विचारले, "आमचंच चुकलं ना?"

नाही मावशी. तुम्ही उशीर केला नाही. उशीर ठेकेदाराने केला, बँकेने केला, आणि तुमच्या नावावर पहिले घर लिहायला या देशाने जेवढा उशीर केला तेवढा तर कुणीच केला नाही.

जय भीम!